कोरी तलंग

कोपरी, ठाणे पूर्व
१६ नोव्हेंबर २०२५

सौ. रसिका वहिनीस,
जागृतीचा सप्रेम नमस्कार.

पाकिटावर ‘सौ.’ लिहू की नको, यात माझी दोन पाकिटं वाया गेली. तिसऱ्यावर लिहिलं, ते बाजूला ठेवलं आणि आता पत्राला बसले आहे. तुला ते आवडलं नाही तर पाकीट फाडून टाक, पत्र मात्र वाच.

तू फोन घेत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही घेतला नसता. मेसेज लिहायचा तर दादा कधीही माझा फोन मागून घेतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. मीराबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अजून जाते, सकाळी नऊ ते दोन. दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. उत्तर द्यावंसं वाटलं तर तिथे दे, घरी नको. नाही दिलंस तरी मी समजेन.

तुझ्या माहेरी काका-काकू बरे असतील. काकांची पहाटेची मार्केटची फेरी चालूच असेल. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? बंद केली असलीस तर डॉक्टरांना विचारूनच केलीस ना? माजिवड्याचं ऑफिस तुला कल्याणहून फार लांब पडत असेल. मी हे सगळं विचारते आहे, पण विचारायचा हक्क मला आहे का, हेही मला ठाऊक नाही.

इकडे सगळं ठीक. मागच्या टॉवरमध्ये आता माणसं राहायला आली. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, “अहो, तुमच्या कोंबड्याला जरा म्यूट करा ना!” बायजा आत्या अंगणात लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला बटन नाय बाबा. तुमची खिरकी हाय ना, तिला हाय.” तू असतीस तर दिवसभर हसली असतीस. मी हसले, आणि मग तू नाहीस हे एकदम आठवलं.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन नको म्हणते. “मना काय पेपर वाचायचाय?” असं तिचं उत्तर. त्यामुळे कोंबड्यांचं सगळं आता माझ्याकडे. अकरा आहेत. जूनमध्ये फुटलेल्या पिलांतल्या चार तलंगा आता पहिल्या अंड्यावर यायच्या बेतात आहेत.

तू मला किती वेळा विचारलं होतंस, तलंग अंड्यावर आली हे तुला कसं कळतं म्हणून. मी दरवेळी “कळतं आपोआप” म्हणून मिरवायचे. आपोआप काही कळत नाही. शाळेत जायच्या आधीपासून आत्याने ते माझ्या बोटांना शिकवलंय. शाळेत मी नंतर गेले, वीसपर्यंत मोजायला मात्र खुराड्यातच शिकले.

तर ऐक. आधी तुरा बघायचा. लहानपणी तो फिका, पिवळट, कोरडा असतो. वेळ जवळ आली की तुरा आणि हनुवटीखालच्या पाळ्या वाढतात, लालभडक होतात, हाताला ऊबदार लागतात. मग चालणं बदलतं. इतके दिवस दाण्यामागे धावणारी पोर एकदम कोपरे हुंगत फिरते. मोरीच्या मागे जाईल, लाकडांच्या फटीत बसून बघेल, उठेल, दुसरीकडे जाईल. घशातल्या घशात काहीतरी बोलत असते. खाडीवरून आणलेल्या शिंपल्यांचा चुरा टाकला की इतर कोंबड्यांना ढकलून आधी खाते. आणि सगळ्यात खरी खूण म्हणजे, पाठीवर हात ठेवला की पळत नाही, पंख जरा फाकवून खाली बसते. ती बसायला लागली की जास्तीत जास्त आठ-दहा दिवस धरायचे.

शेवटची खूण बोटांची. शेपटीखाली दोन बारीक हाडं असतात, त्यांच्यामधली फट बघायची. आत्या म्हणायची, “बोट लाव. एक मावला तं येल हाय. दोन मावली तं आज-उद्या.”

मी कधी चुकले नाही, असं सगळे म्हणतात. आत्यासुद्धा म्हणते.

आता चारांपैकी दोन बसायला लागल्या आहेत. तिसरीला काल बोट लावायला गेले आणि हात मध्येच मागे ओढला. कोंबडी घाबरून ओरडली. आत्याने ओट्यावरून विचारलं, “काय झाला?” मी म्हटलं, चोच लागली. चोच लागली नव्हती.

आईने या चारांतली एक वेगळी काढून ठेवायला सांगितली आहे. कशासाठी, ते मला लिहवत नाही.

तू जेवत जा वेळेवर. उभ्याने खाऊ नकोस.

तुझी,
जागृती


कोपरी
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

पहिलं पत्र पेटीत टाकून परत येताना मला माझीच शरम वाटली. चार पानं लिहिली आणि जे लिहायला बसले होते ते लिहिलंच नाही. गेले दोन आठवडे तोच कागद पुन्हा पुन्हा काढते आणि ठेवते. आज लिहून होईपर्यंत उठणार नाही. घरात आई आणि दादा नाहीत, मढवींकडे साखरपुड्याला गेलेत. आत्या झोपली आहे.

वहिनी, तुला आमच्याकडची रीत कुणी नीट सांगितलीच नाही. तू नवीन होतीस, शिवाय बाहेरची. तुला सांगायचं तर आईला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि आईला ते जमत नाही. म्हणून आता मी सांगते.

तुझं पहिलं दुसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा आईने गावदेवीला बोलून ठेवलेलं की पुढच्या खेपेला पाचवा महिना सुखरूप लागला तर तो संपायच्या आत कोरी तलंग देईन. कोरी म्हणजे जिने अजून एकही अंडं घातलं नाही अशी. पण अगदी लहानही चालत नाही. अंड्यावर आलेली, आणि तरी न घातलेली. तेवढे आठ-दहा दिवसच असतात तिच्या आयुष्यात. ती त्याच्या थोडी आधीच ओळखायची, पंधरा दिवस सगळ्यांपासून वेगळी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, ठेवायची, आणि तिचं दाणापाणी घरातल्या लग्न न झालेल्या मुलीनेच बघायचं. मध्ये तिने अंडं घातलं तर ती बाद. ती पुन्हा कोंबड्यांत सोडायची आणि दुसरी घेऊन पुन्हा पंधरा दिवस.

देवळाच्या अंगणात गावचे म्हातारे त्र्यंबक आजोबा तीनदा विचारतात, “कोरी हाय का?” आणि जिने राखली तिने तीनदा सांगायचं, “कोरी हाय.” तू तिथे होतीस. तुला वाटलं असेल तो नुसता एक खेळ आहे. तू माझ्याकडे बघून हसली होतीस.

ती तांबडी तलंग मी निवडली होती. डालग्याखाली घातली त्या दिवशी एक बोट मावत होतं, तेही जेमतेम. तिला मध्ये सर्दी झाली होती, तुरा फिकाच राहिला होता. मी हिशेब केला, पंधरा दिवस सहज जातील. आईने विचारलं, “तुना नक्की कलतंय ना? चालीस मानसा बोलवायचीत.” मी म्हटलं, “मी कधी चुकले का?”

दहाव्या दिवशी मी पाणी ठेवायला डालगं उचललं आणि पाठीवर हात ठेवला, तर ती बसली. पंख फाकवून, नीट बसली. मला कळलं, पण तुऱ्याकडे बघून मी स्वतःला सांगितलं की अजून फिका आहे, अजून वेळ आहे. त्या दिवशी बोट लावून बघायला हवं होतं. मी लावलं नाही. वहिनी, मला कळू द्यायचंच नव्हतं.

शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला, संध्याकाळी डालगं उचललं. तुसात अंडं होतं. लिंबाएवढं, फिकट बदामी, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्याला कधी कधी असते. अजून गरम होतं. त्या डालग्याखाली दुसरी कोंबडी नव्हती, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असायचा प्रश्नच नव्हता.

नवस रविवारी होता. जेवणाचं सामान आलं होतं. दुसरी तलंग धरायची तर पंधरा दिवस, तोवर तुझा पाचवा संपला असता आणि आईचा शब्द मोडला असता. आणि मी चुकले हे सगळ्यांना कळलं असतं. हे कारण मी शेवटी लिहिलंय, पण खरं तर पहिलं तेच होतं.

ते अंडं घेऊन मी मोरीत उभी राहिले. फेकायचा धीर होईना. पहिलं अंडं फेकत नाहीत. टोपलीत ठेवलं असतं तर आत्याने नुसतं चाचपून ओळखलं असतं. तेवढ्यात तू ऑफिसातून आलीस. पर्स खाली टाकलीस आणि ओरडलीस, “जागू, मरतेय मी भुकेने, काहीतरी दे गं!”

मी ते उकडलं. सोलून, मीठ-मिरपूड लावून, दोन तुकडे करून तुला दिलं. तू म्हणालीस, “एवढंसं? हे कबुतराचं आणलंस की काय? कुठून आणलं?” मी म्हटलं, “बाजारचं आहे.” तू दोन घासांत खाल्लंस आणि म्हणालीस, “अजून एक असेल तर दे, आपली मुलगी हावरट आहे.”

मुलगी, असं तूच म्हणायला लागली होतीस तेव्हापासून.

रविवारी मी तीनदा “कोरी हाय” म्हटलं. तिसऱ्यांदा तोंडातल्या तोंडात म्हटलं, त्र्यंबक आजोबांनी “मोठ्याने बोल पोरी” म्हटलं आणि मी मोठ्याने म्हटलं. तेवढ्यात तू पुढे झालीस, तलंगीच्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, “किती गोड बसतेय बघ! राहू दे ना हिला, छान अंडी देईल.” अंगणातल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. आईचा चेहरा मी बघितला.

बाकीचं तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या जिन्यात आई म्हणाली, “टोकलान तिनी. देवीची वस्तू टोकली.” ती रडत होती, वहिनी. तिने दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला माहीत होतं की टोकायच्या आधीच ती तलंग कोरी नव्हती. मी बोलले नाही. मे महिन्यात तू निघालीस तेव्हा आईने दारातूनच तोंड फिरवलं, आणि तुझी बॅग मी उचलून रिक्षात ठेवली. तू म्हणालीस, “तू तरी मानू नकोस गं हे.” मी मान हलवली, एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बीपीमुळे वार आधीच सुटली. तुझी हॉस्पिटलची फाइल मी दुकानात झेरॉक्स काढताना सगळी वाचली आहे, दोनदा. मला ते पटतं. दिवसा पूर्ण पटतं. मग डालगं दिसतं आणि काहीच पटत नाही. त्यात देव नसेलही, पण मी तर होते. तुला कुणी दोष दिला तो माझ्यामुळे दिला. त्यात कसली शंका आहे?

आणि आईने नवीन तलंग का काढायला सांगितली तेही लिहिते. दादाचं दुसरं लग्न निर्विघ्न व्हावं म्हणून. अजून ठरलं काही नाही, बघणं चालू आहे. दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मागच्या महिन्यात तो एकदा कल्याणला येऊन गेला. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभा राहिला आणि परत आला. त्याने मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून मला वाटतं की मी खरं सांगितलं तर अजून काही होऊ शकेल. तू टोकल्यामुळे काही झालं नाही हे आईला एकदा कळलं की तिच्याकडे धरायला काही उरणार नाही.

उद्या सांगणार आहे. तुला आधी सांगणं भाग होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

जागृती


कोपरी
१४ डिसेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तुझं कार्ड सोमवारी दुकानात आलं. मीराबाईंनी “कोण गं हे? हल्ली पण कार्डं येतात?” म्हणत माझ्या हातात दिलं. एकच ओळ. “अंड्याचं राहू दे. तिला तू पाहिलं होतंस का?”

हो. मी पाहिलं होतं.

तू आत होतीस, शुद्धीवर आली नव्हतीस. दादा फॉर्म भरत होता. आई जिन्यात. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, “घरचं कोण आहे?” तिथे मीच होते. हिरव्या कापडात होती. मी घेतलं. हाताला वजन लागलं, फार नाही, पण लागलं. केस होते, ओले, काळे, कपाळावर आलेले. नाक तुझं. दादाचं नाही, तुझं. मी नीट बघितलं. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती, डावी उघडी. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर त्रास झाल्यासारखं काही नव्हतं. मी तिला किती वेळ धरलं ते मला आठवत नाही, नर्सने दोनदा मागितलं. मग आई आली आणि म्हणाली, तिच्या आईला दाखवू नका, दूध उतरेल. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मलाही वाटलं. वहिनी, ते बरोबर नव्हतं.

तू विचारेपर्यंत हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला अजून काही विचारायचं असेल तर विचार. मला जेवढं आठवतं तेवढं सगळं तुझं आहे.

आता घरचं सांगते.

१ तारखेला सकाळी मी सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती, दादा डबा भरत होता, आत्या चुलीशी शेकत बसली होती. मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात बोलले. डालगं, अंडं, मोरी, तू, सगळं.

आधी आत्या बोलली. तिने विचारलं, “केवरा होता?” मी बोटांनी दाखवलं, मग तिला दिसत नाही हे आठवून म्हटलं, लिंबाएवढं. तिने हात चुलीपासून मागे घेतले. मग म्हणाली, “मना शंका आलेली. पोट मीच साफ केला. आत एक पुरा अंडा होता, कवचासकट, आनि मागं वाट मोकली झालेली. कोऱ्या तलंगीची तशी नसते.”

मी म्हटलं, “आत्या, मग तू बोलली का नाहीस?”

“तू का नाय बोललीस?” एवढंच म्हणाली. रागाने नाही. आणि परत शेकायला लागली.

मला वाटलं, आता आई बोलेल, मला मारेल, घराबाहेर काढेल. मी त्याची तयारी करून आले होते. आईने तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली आणि विचारलं, “अंडा कोनी खाल्ला?”

“मी दिलं,” मी म्हटलं. “तिला माहीत नव्हतं.”

“खाल्ला कोनी?”

“आई, तिने विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.”

“खाल्ला तिनीच ना? देवीच्या तलंगीचा पयला अंडा. पोटुशी बाई. आनि वर अंगनात येऊन म्हनते, अंडी देईल!” आईचा आवाज चढला नाही. उलट तिचा चेहरा सैल झाला. सात महिने तिला जे नीट पटत नव्हतं ते जणू आता तिला पटलं. नुसतं टोकल्याने एवढं होईल का, ही शंका तिच्याही मनात असणार. ती मी काढून टाकली.

मी दादाकडे बघितलं. मी त्याच्यासाठीच बोलले होते. त्याने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. “म्हणजे तिच्या पोटात...” एवढं म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, “दादा, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? तूच ऐकलंस, मी नाही.” तो म्हणाला, “डॉक्टरला काय माहीत आपल्या घरचं?” हे बोलणारा दादा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला आहे, तुझ्याशी लग्न करायला सगळ्या भावकीशी भांडला होता. चप्पल घालून निघून गेला. डबा तसाच राहिला.

मी आईला तुझी फाइल वाचून दाखवायला घेतली. दुसऱ्या पानावर ती उठून गेली.

मला वाटत होतं की खरं सांगितलं की ते आपलं आपण काम करतं. ते चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर तिथे ते काय करेल याचा मी विचारच केला नव्हता. दहा महिने गप्प राहून मी तुझं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं एका सकाळी बोलून केलं.

शुक्रवारी दादा दुकानात आला. तो कधी येत नाही. कागद पुढे केला आणि म्हणाला, “तीन झेरॉक्स काढ.” माझ्याकडे बघितलं नाही. वकिलाची नोटीस आहे, घटस्फोटाची, तुझ्या नावाने. मी मशीनवर ठेवताना वाचली. गरोदरपणात सासरच्या माणसांचं न ऐकता नोकरी चालू ठेवली, असं त्यात आहे. घराच्या कुलाचाराची चेष्टा केली, असं आहे. आणि चौथ्या कलमात लिहिलंय की नवसाच्या अर्पणापूर्वी त्याच पक्ष्याचं अंडं तू जाणूनबुजून खाल्लंस आणि कुटुंबाच्या धार्मिक भावना दुखावल्यास. खाली साक्षीदारांची नावं. आई, त्र्यंबक आजोबा, आणि तिसरं नाव माझं.

मी दादाला म्हटलं, “जाणूनबुजून? मी असं सांगितलं?”

तो म्हणाला, “वकिलाने शब्द घातलाय. भाषा असते त्यांची.”

“माझं नाव काढ.”

“तूच तर सांगितलंस, जागू. आम्ही काय पाहायला आलेलो?” मग हळूच म्हणाला, “आईची तब्येत बघ जरा. संपव आता हे.” पैसे काउंटरवर ठेवले. बहिणीला झेरॉक्सचे पैसे दिले त्याने.

मी चौथी प्रत काढली. ती या पत्रात आहे. नोटीस टपालाने यायच्या आधी तुझ्या हातात पडावी म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. काकांना सांग, घाबरू नका, पण चांगला वकील करा, आणि माझी तिन्ही पत्रं त्याला दाखवा. दुसरं पत्र तू फाडलं असशील तर हे एकच पुरेल म्हणून खाली सगळं पुन्हा लिहून देते. मीराबाईंना विचारलं, असं साध्या कागदावर चालतं का. त्या म्हणाल्या, नाव, वय, पत्ता, तारीख आणि सही असू दे, बाकी वकील बघेल. याने काही होईल असं मला वाटत नाही. घरातली मुलगी घराविरुद्ध लिहून देते तेव्हा तिला वेडी ठरवायला वेळ लागत नाही, आणि मला झोप लागत नाही हे आईने आधीच चार जणींना सांगून ठेवलंय.

एक मागणं आहे. दादा परत आलाच कधी गल्लीच्या तोंडाशी, तर दार उघडू नकोस. मी त्याची बहीण आहे, तरी सांगते. इथे परत येऊ नकोस. इथे आम्ही सगळे तुझ्यावर प्रेमच करत होतो, आणि त्यातला एकही माणूस तुझ्यासाठी एक शब्द बोलला नाही.

मी, जागृती धाकू केणे, वय तेवीस, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की १४ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी नवसाच्या तलंगीने घातलेलं अंडं मला सापडलं. ती अर्पणाला योग्य राहिली नव्हती हे मला माहीत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. तेच अंडं मी स्वतः उकडून रसिका कमलेश केणे हिला खायला दिलं. तिने ते कुठून आणलं असं विचारलं. मी बाजारचं म्हणून सांगितलं. तिला काही माहीत नव्हतं. तिचा काही दोष नव्हता. दोष माझा आहे, आणि हे मी कुठल्याही कोर्टात येऊन सांगेन.

सही
जागृती धाकू केणे
१४/१२/२०२५